डबा हलका, बोगी कडक

नातीच्या नवव्या वाढदिवसाला आगगाडी आणली आणि पहिल्या पन्नास फेऱ्यांत ती अकरा वेळा घसरली. आकडा अंदाजाने सांगत नाहीये, फेरीच्या नंबरासकट वहीत लिहिलेला आहे. रेल्वेच्या सी अँड डब्ल्यू खात्यात, म्हणजे डबे आणि वाघिणींच्या (मालडब्यांच्या) देखभालीत, मी छत्तीस वर्षं काढली. त्यातली शेवटची चौदा माटुंग्याच्या कारखान्यात. गाडी घसरली की आधी वही काढायची, मग पाना, ही सवय भांडुपच्या फ्लॅटमध्येही सुटलेली नाही. नात फक्त "आबा, परत पडली" एवढं ओरडायची. नोंद मी करायचो.

वस्तू काय ते आधी सांगतो. १:८७ मापाचा सेट आहे. एक डिझेल इंजिन, आपल्या जुन्या निळ्या रंगाचे तीन डबे, बॉक्सएन धर्तीच्या तीन उघड्या वाघिणी, अठरा इंच त्रिज्येचे वळणाचे रूळ, थोडे सरळ रूळ आणि वेग कमीजास्त करायची डबी. फोर्टातल्या एका दुकानातून अकरा हजार चारशेला घेतला. दुकानाचं आणि कंपनीचं नाव देत नाही, कारण दुकानदार भला माणूस आहे आणि कंपनीशी माझं भांडण फक्त डब्यांपुरतं आहे. ऑनलाइन याच सेटला कुणी एक तारा देऊन 'सारखी पडते' लिहिलंय, तर कुणी पाच तारे देऊन 'मुलगा खूश' लिहिलंय. दोघंही खरंच बोलताहेत.

इंजिनाबद्दल तक्रार नाही. आवाज कमी, सुटताना हिसका नाही, दोन्ही बोग्यांतून (खालच्या चाकांच्या गाड्यांतून) जोर येतो, खाली लोखंडी वजन भरलेलं आहे. ज्याने इंजिन बनवलं त्याला काम कळतं. डबे बहुतेक दुसऱ्याच कुणीतरी बनवले असावेत.

खोक्यावर 'अचूक प्रतिकृती' छापलंय. मी पट्टी घेऊन बसलो. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटर. ८७ ने भागलं तर १९ हून थोडं जास्त येतं. खोक्यातला रूळ आहे १६.५. म्हणजे गुणाकार करून पाहिला तर १४३५ मिलिमीटर, आपल्या मुंबई मेट्रोचा स्टँडर्ड गेज. डब्याची रुंदी मात्र आपल्या जुन्या निळ्या डब्याची, म्हणजे आयसीएफची, ३७ मिलिमीटर. थोडक्यात, थोरल्या भावाच्या पायात धाकट्याच्या चपला. या मापाचा तयार रूळ जगभर १६.५ चाच मिळतो, त्यामुळे यासाठी मी तारे कापत नाही. पण परिणाम लक्षात घ्यायला हवा. पाय जवळजवळ आणि अंग रुंद असलं की वरचं वजन लवकर कलंडतं.

वळणाचं तर विचारूच नका. अठरा इंच म्हणजे ४५७ मिलिमीटर. ८७ ने गुणा, जेमतेम चाळीस मीटर त्रिज्या. ब्रॉडगेजला दहा अंशांपेक्षा तीव्र वळण देत नाहीत, म्हणजे १७५ मीटरच्या आत येत नाहीत. हॉलमध्ये सोफा हलवून जेवढी जागा निघाली त्यात चाळीस मीटरवालंच वळण बसतं, हेही खरं. तेव्हा गाडीला तिच्या आवाक्याबाहेरचं काम सांगितलेलं आहे हे आधीच कबूल करून पुढे जाऊ.

मग वजन केलं. हिचा फराळाचा डिजिटल काटा घेतला (दिवाळी तीन आठवड्यांवर होती, त्यामुळे काटा रोज संध्याकाळी सातच्या आत परत). डबा ९२ ग्रॅम. वाघीण ४१ ग्रॅम. डब्याला आठ चाकं, म्हणजे एका चाकावर साडेअकरा ग्रॅम. वाघिणीला जेमतेम पाच. चाकावर एवढंच ओझं असेल तर रुळाच्या सांध्यावरचा केससुद्धा चाकाला उचलेल.

कुणी म्हणेल, छोटी वस्तू आहे, वजनही छोटंच असणार. मीही आधी तसाच हिशेब केला. खरी बॉक्सएन रिकामी असते तेव्हा २२.४७ टन. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ८७ पट लहान, म्हणून वजन ८७ चा घन करून भागायचं. उत्तर येतं ३४ ग्रॅम. म्हणजे खोक्यातली ४१ ग्रॅमची वाघीण हिशेबाने थोडी जडच निघाली! तरी ती घसरते, कारण बाकीच्या गोष्टी त्या हिशेबाने लहान होत नाहीत. वळण चौपटीहून तीव्र, सांध्यातली पायरी त्या मानाने डोंगराएवढी, आणि चाकाखाली स्प्रिंग नाही. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने यासाठी एक सोपा ठोकताळा करून ठेवलाय. या मापाच्या डब्याला सुरुवातीला एक औंस (सुमारे २८ ग्रॅम), आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. माझा डबा साडेनऊ इंचांच्या वर, म्हणजे साधारण १६५ ग्रॅम हवा. वाघीण पाच इंचांच्या जरा आत, तिला ९७ च्या आसपास. दोन्ही जवळपास निम्म्या वजनाच्या निघाल्या.

खऱ्या रेल्वेतही हलकेपणा घातकच. यार्डातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, भरलेली वाघीण जास्त घसरते की रिकामी? तो रिकामीच सांगेल. चाक रुळावर चढतं तेव्हा दोन जोर एकमेकांशी झगडत असतात. एक चाकाला बाजूला, रुळाच्या अंगावर ढकलतो, दुसरा म्हणजे वजन, ते चाकाला खाली दाबून ठेवतं. चाकाच्या आतल्या कडेला जी उभी धार असते, तिला आम्ही फ्लेंज म्हणतो, ती रुळाला घासत घासत वर चढू बघते. नादाल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरचं यावर एक सूत्र आहे, ते आम्हाला ट्रेनिंग स्कूलमध्ये घोटून घेतलं होतं. फ्लेंजचा उतार आपल्याकडे अडुसष्ट अंशांच्या आसपास. घर्षण ०.२५ धरलं तर बाजूचा जोर वजनाच्या १.४ पटीपर्यंत चालतो. रूळ कोरडा, खरखरीत आणि घर्षण ०.५ झालं तर तीच मर्यादा ०.९ वर येते. म्हणून तीव्र वळणावर रुळाच्या आतल्या अंगाला वंगण लावतात.

आता बाजूचा जोर तोच ठेवून वजन कमी करा. भरलेल्या बॉक्सएनच्या एका चाकावर दहा टनांच्या वर ओझं, रिकामीच्या चाकावर पावणेतीनच्या आसपास. त्यात स्प्रिंगा भरलेल्या ओझ्याच्या हिशेबाने बसवलेल्या. रिकामी असताना त्या दाबल्याच जात नाहीत, आणि रूळ थोडा पिळलेला असला तरी एखादं चाक हवेत राहिल्यासारखं होतं. वाघिणीखालच्या कॅसनब बोगीत पाचरीसारखे घर्षणाचे तुकडे असतात, ते ओझ्यानुसार कमीजास्त दाबतात आणि उसळी शमवतात. तरी रिकामी वाघीण ती रिकामीच.

नातीला हे समजावताना मी तिचं दप्तर आणलं. रिकामं दप्तर पायाने ढकल, मग पुस्तकं भरून ढकल. तिला कळलं. हिला कळलं नाही की दप्तर जमिनीवर का.

वजन कशाचं भरायचं? सगळ्यात सोपं शिसं. भाऊच्या धक्क्यावर जाळ्याला बांधायच्या शिशाच्या गोळ्या मिळतात, छोट्या आणि जड. पण लहान मूल खेळणार, हात तोंडात घालणार. शिसं घरात नको. मग मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलो आणि एम-१० चे लोखंडी नट मूठभर घेतले. काट्यावर एक नट ११ ग्रॅम. डब्याचं छप्पर नखाने उचललं की निघतं, ही सोय मात्र चांगली आहे, कंपनीला एक गुण. आतल्या आसनांचं प्लॅस्टिकचं ताट काढलं, प्रत्येक बोगीच्या बरोबर वर तीन-तीन नट दुहेरी चिकटपट्टीने तळाला बसवले. ९२ चे १५८ झाले. मधोमध ठेवू नका, तळ मऊ प्लॅस्टिकचा आहे, महिन्याभरात पोट सुटतं. वरच्या बाजूलाही नाही. वजन जेवढं खाली तेवढं बरं, अरुंद रुळाचं मघाशी सांगितलंच.

वाघिणीत पाच नट, ४१ चे ९६. उघडी वाघीण, नट दिसणार, म्हणून वरून कोळसा भरला. कोळसा म्हणजे चहाचा चोथा, दोन दिवस गच्चीत वाळवून पांढऱ्या गोंदात कालवलेला. लांबून हुबेहूब दिसतो. वास अजून येतो.

पुन्हा पन्नास फेऱ्या. सहा घसरणी. अकराच्या सहा झाल्या, पण मला त्या दोनवर हव्या होत्या.

आता बोगीकडे वळू. आधी शब्द नीट वापरू, कारण लोक डब्यालाच बोगी म्हणतात. बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची गाडी. एका डब्याला अशा दोन. तिने डब्याखाली फिरलं पाहिजे, म्हणजे वळण घेता येतं, आणि थोडं डुललंही पाहिजे, म्हणजे रूळ वरखाली असला तरी चारही चाकं टेकून राहतात. खऱ्या डब्यात हे काम स्प्रिंगा करतात. जुन्या आयसीएफ बोगीत डब्याचा भार मधल्या खुंटावर नसतो, दोन बाजूंच्या साइड बेअररवर असतो, खाली धक्के शोषणारे तेलाचे डॅशपॉट आणि दोन टप्प्यांच्या कॉइल स्प्रिंगा. एलएचबीत, म्हणजे नव्या जर्मन धर्तीच्या डब्यात, बोगीच वेगळी, हेलकावे शमवायला वेगळे डॅम्पर. डेक्कन क्वीनला जून २०२२ मध्ये एलएचबी रेक लागला त्यानंतर मी एकदा मुद्दाम डायनिंग कारमध्ये चहा घेऊन बसलो. कप पूर्वीपेक्षा स्थिर राहिला. डब्या-डब्यातला धक्का मात्र जास्त जाणवला, ती कपलरची, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्याची गोष्ट, बोगीची नाही.

खेळण्यातल्या बोगीला स्प्रिंग कुठली? एक स्क्रू आणि प्लॅस्टिक. तिथे कंपनीने दोन्ही टोकांचे स्क्रू सारखेच, कडक आवळून टाकलेत. बोगी फिरते, डुलत नाही. मी रुळाच्या एका बाजूखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवलं आणि डबा वर ठेवला. एक चाक स्पष्ट अधांतरी! खालून कागदाची पट्टी आरपार गेली.

उपाय पोरकट वाटावा इतका सोपा आहे. एका टोकाचा स्क्रू असा ठेवा की बोगी फक्त फिरेल, डुलणार नाही. दुसऱ्या टोकाचा अर्धा-पाऊण आटा सैल करा, म्हणजे ती फिरेल आणि डावी-उजवी डुलेलही. असं केलं की डबा तीन ठिकाणी टेकतो. चुलीला तीनच दगड का असतात? चार मांडले तर पातेलं डुगडुगतं, तीन दगड कसेही मांडा, पातेलं बसतं. तेच इथे. दोन्ही टोकं सैल करू नका, डबा दारुड्यासारखा झुलत जातो आणि वळणावर आडवा होतो. मी करून पाहिलं.

हे झाल्यावर पन्नास फेऱ्यांत दोन घसरणी. दोन्ही वेळी तीच वाघीण, तिसरी. व्हर्निअर काढला. खऱ्या चाकांच्या जोडीत आतल्या अंगापासून आतल्या अंगापर्यंत अंतर १६०० मिलिमीटर असावं लागतं, त्यात सूट जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. इथे ते १४.४ च्या आसपास हवं. चोवीस जोड्या मोजल्या, पाच चुकीच्या. तिसऱ्या वाघिणीची एक जोडी १३.९, म्हणजे चाकं आत सरकलेली. चाक पिळून ओढलं की बाहेर येतं, धीर हवा. पाचापैकी एकाचं भोक ढिलं झालं, तिथे गोंदाचा ठिपका. चोवीसात पाच म्हणजे आमच्या शॉपमध्ये अख्खी बॅच परत गेली असती. कंपनीने यासाठी तरी कुणालातरी गेज घेऊन बसवायला हवं होतं.

गाडी कशी चालते तेही पाहिलं, नुसती पडली नाही म्हणजे झालं असं नाही. वाघिणीच्या कोळशावर पाण्याच्या बाटलीचं झाकण ठेवलं, त्यात काठोकाठ पाणी. नट भरण्याआधी एका फेरीत निम्मं सांडायचं. आता सरळ रुळावर थेंब नाही, वळणात शिरताना थोडं. रेल्वेत या कामासाठी खास डबा जोडतात, हेलकावे मोजून राइड इंडेक्स काढतात, प्रवासी डब्याला साडेतीनच्या आत लागतो. आमच्याकडे झाकण आहे.

मग वाटलं, सहाऐवजी बारा नट का नाही? डबा दगडासारखा स्थिर झाला. पण मी पुस्तकं रचून भोर घाटाचा चढ केला होता, सदतीसला एक, कर्जतच्या पुढे असतो तसा. इंजिन दोन जड डबे घेऊन जेमतेम चढलं, तिसरा लावला की चाकं जागच्या जागी गरगर. सहा नटांच्या हिशेबाने तिन्ही डबे आणि एक वाघीण चढते. खऱ्या घाटात कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिन, म्हणजे बँकर लावतात. माझ्याकडे मागून ढकलायला नातीचं बोट आहे, ते बँकर म्हणून चांगलं काम करतं, सिग्नल पाळत नाही एवढंच.

वजनाची दुसरी गंमत अशी की ते सगळ्यांना सारखं हवं. एकदा मुद्दाम पुढच्या वाघिणीतले नट काढले आणि मागे जड डबे ठेवले. वळणात मागची गाडी ओढत होती, पुढची हलकी वाघीण ताणलेल्या दोरीसारखी आतल्या बाजूला खेचली गेली आणि कलंडली. म्हणून हलकं वाहन असेल तर ते शेवटी लावा.

एक दोष मला दुरुस्त करता आला नाही. जोडणीचा आकडा डब्याला नसून बोगीला लावलाय. पुढे ओढताना चालतं. मागे ढकलताना सगळा दाब बोगीवर येतो, ती तिरकी होते आणि फ्लेंज रुळावर चढते. खऱ्या डब्याचा कपलर डब्याच्या टोकाला, हेडस्टॉकला असतो, बोगी आपली मोकळी फिरते. या सेटमध्ये मागे न्यायचं असेल तर दोनच डबे, आणि सावकाश. दुकानदाराला फोन केला. त्याने सेट बदलून देतो म्हटलं. मी नको म्हटलं, दुसऱ्यातही आकडा तिथेच असणार.

तारे द्यायचे तर इंजिनाला चार. डबे-वाघिणींना दोन, तेही छपरामुळे. दुकानाला चार. घरात पेचकस, फराळाचा काटा आणि दोन रविवार मोकळे असतील तर घ्या. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर नको, नट सुटला तर तोंडात जायचा.

रुळांचे तारे अडकलेत. चाकं नीट केल्यावरच्या पन्नास फेऱ्यांत एकच घसरण झाली, एकतिसाव्या फेरीला, खिडकीकडच्या वळणावर. समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ पी-वेचे, म्हणजे रुळाच्या खात्यातून निवृत्त. त्यांना बोलावलं. गाडी घसरली की जॉइंट नोट करायची असते, दोन्ही खात्यांनी एकत्र मोजून. ते आले, गुडघ्यावर बसले आणि बसल्या बसल्या म्हणाले, "अहो, तुमचं चाकच खराब असणार." मी व्हर्निअर पुढे केला. त्यांनी सांध्यावरून बोट फिरवलं, तिथे अर्ध्या मिलिमीटरची पायरी होती आणि खालची फरशी एका कोपऱ्यात खचलेली. "ही फरशी बिल्डरची," ते म्हणाले, "आमच्या खात्यात येत नाही." नातीने वहीत दोन रकाने आखून दिले, मी माझ्या रकान्यात 'चाके योग्य मापात, रूळ पिळलेला' लिहून सही केली. त्यांनी चहा घेतला, चकली घेतली. सही अजून केलेली नाही.